हसू नका, पॅरिसला जायचंय

पॅरिसला जायचं ठरलं आणि आमच्या घरात हसायला बंदी आली. व्हिसाच्या फोटोत दात दिसता कामा नयेत, असा नियम होता. अर्ज दुसऱ्याच दिवशी द्यायचे होते, म्हणून बायको आणि दोन्ही मुलींना घेऊन मी भाईंदर पश्चिमेच्या एका फोटो स्टुडिओत शिरलो.

फोटोग्राफर लग्नामुंजींत मुरलेला होता. नियम ऐकून त्याने गंभीरपणे मान हलवली, स्टुलावर बसलेल्या धाकटीची हनुवटी दोन बोटांनी सरळ केली, कॅमेऱ्यामागे गेला आणि सवयीने ओरडला, "स्माइल!"

धाकटीचे होते नव्हते तेवढे दात बाहेर.

"सॉरी हां, वहिनी." पुन्हा कॅमेरा, पुन्हा "स्माइल!"

शेवटी आम्ही तिघं धाकटीला दटावायला स्टुलाशी उभे राहिलो आणि त्याने स्वतःचं तोंड बंद राहावं म्हणून गुळणीभर पाणी भरलं. ते फुगलेले गाल पाहून आम्ही चौघंही खिदळलो. मग त्यालाही हसू फुटलं. पाणी माझ्या शर्टावर आलं आणि सवयीने त्याचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर पडलं.

"काय करू साहेब?" माझा शर्ट पुसत तो म्हणाला. "आयुष्यभर रडणाऱ्यांना हसवलं. हसणाऱ्यांना गप्प करायला कुणी शिकवलंच नाही."

मग त्याने मुलींना विचारलं, "बेटा, शाळा कधी सुरू होतेय?"

दोघींचे चेहरे पडले. फटाफट फ्लॅश उडाले. व्हिसा मिळाला.

आमच्या हॉलमध्ये आज एकच फोटो आहे. चौघं हसतोय आणि पुढ्यात पाण्याचा फवारा.

"पॅरिसचं कुठलं कारंजं हे?" पाहुणे विचारतात.

"भाईंदर पश्चिम," मी सांगतो.