विहीणबाईंची इटालियन बिस्किटं

मरण दारात आलं तरी माझ्या विहीणबाई आधी त्याचं झाकण उघडून आत काय आहे ते बघतील, असं त्या धुरात खोकता खोकता माझ्या मनात येत होतं. स्वयंपाकघराचं दार बंद, गॅसवर लोखंडी साचा तापलेला, आणि सात महिन्यांची गरोदर नात, म्हणजे माझ्या लेकीची नि त्यांच्या लेकाची पोर, पोट धरून भिंतीला टेकलेली. "आजी, दम लेवाई नही ऱ्हायना," ती म्हणाली. मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तर विहीणबाई खोकतच ओरडल्या, "पंखा लाऊ नका, साचा थंडा व्हई जाई!"

बाई मुळातच अशा. एखादी वस्तू कशी होते हे कळल्याशिवाय त्यांना घास गिळत नाही. दात काढायला गेल्या, तर काढलेला दात हातात घेऊन डॉक्टरांना त्याचं मूळ समजावून सांगायला लावलं. माझ्या लेकीला बघायला आल्या तेव्हा लेक राहिली बाजूला, आमच्या शिलाई मशीनखाली डोकं घालून बसल्या. मयतीला गेल्या तिथे कढीत हिंग कधी टाकला ते विचारून आल्या. "तुम्हले लाज नही वाटत?" मी म्हटलं. "इचारं नही तं कळी कसं?" त्या म्हणाल्या.

नातीच्या पोटात तेव्हा पाणीही टिकत नव्हतं. दोनदा सलाइन लागलं. बाळ वाढत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं. नातजावयाने सुरतेहून चॉकलेटची, जाळीच्या नक्षीची पातळ इटालियन बिस्किटं आणली, तेवढीच पोटात राहिली. डबा लगेच संपला. विहीणबाईंनी शेवटचं बिस्कीट उजेडात धरलं, "पापडच शे, पन गोड," म्हणाल्या आणि थेट वेल्डिंगवाल्या मिस्त्रीकडे गेल्या. त्याने विचारलं, "चाची, ये पापड छापने का है क्या?" "नही रे भाऊ, यान्हामा इटली छापनी शे." त्याने बिचाऱ्याने दोन नक्षीदार तव्यांचा, चिमट्यासारखा मिटणारा साचा करून दिला.

मैदा, लोणी, साखर ठीक होतं. कोकोच्या पावडरीचे मात्र दमट हवेने गोळे झाले होते. वर्षाची मिरची कांडून आणायला निघालेल्या विहीणबाईंनी ते गोळेही सोबत नेले. आधी मिरची, मागून त्याच कांडपात कोको. आमचं नंदुरबार मिरचीच्या बाजाराचं, इथे मिरचीचा वास कुणाच्या नाकाला वेगळा कळतो? तपकिरीत लालही दिसलं नाही. तापल्या साच्यात पीठ पडून मिरचीचा ठसका उठला, तेव्हा कळलं.

मी गॅस बंद केला, पोरीला ओढत अंगणात आणलं. पोट दगडासारखं कडक झालेलं. रिक्षाने दवाखाना गाठला. विहीणबाई बाकावर बसल्या, हाताला पीठ तसंच. नर्स सुई घेऊन आत गेली, कसलंसं यंत्र ढकलत नेलं, बाईंनी एक प्रश्न विचारला नाही. मला खरी भीती तेव्हा वाटली. "इचारा ना काही," मी म्हटलं. त्या बोटांवरचं वाळलेलं पीठ खरवडत राहिल्या.

संध्याकाळी पोट सैल पडलं. आठवड्याने नवी पावडर आणून, खिडक्या उघड्या ठेवून आम्ही बिस्किटं केली. नातीने चार खाल्ली, चारही टिकली. विहीणबाई अजून विचारतात, पण विचारण्याआधी जरा थांबतात. त्यांचं ते थांबणं मला आवडत नाही.

दोन महिन्यांनी नातीला मुलगी झाली. त्या धुरात आम्ही तिघी होतो आणि चौथी पोटात. चौघीही जगलो.