कवळी बसवलेला बँड

आमच्या तेरखेड्यात फटाके करणारे घरोघर सापडतील, पण फटाके करता करता परदेशातल्या एका बँडवर जीव टाकणारा एकच, शंभुलिंग. माझ्या घरापासून दोन घरं सोडून राहतो. चाळिशी ओलांडली, भुवया जळून परत आल्या, आणि तोंडातून कौतुकाचा शब्द दिवाळी-दसऱ्याला. मला हा माणूस फार आवडतो. निंदा करावी तर त्यानं. ऐकताना भूक लागते.

त्या बँडचं नाव व्हेस्परग्रिम. माझ्या उरलेल्या दातांना ते पेलत नाही. शंभुलिंग धाराशिवला कॉलेजात असताना खोलीवरच्या दोस्तानं त्याला त्यांची कॅसेट ऐकवली, तेव्हापासून हा त्यांचाच झाला. या प्रकाराला सिंफनिक गॉथिक रॉक म्हणतात, हेही त्यानंच मला शिकवलं. म्हणजे काय, तर एका अंगाला वऱ्हाडाएवढे व्हायोलिनवाले, दुसऱ्या अंगाला गिटारी, वर एक बाई घुमटात गायल्यासारखी चढत जाणार आणि खालून एक बाप्या रेड्यागत हंबरणार. विषय मरण, थडगी आणि धुकं. त्याची बायको शिवप्रिया लग्न झाल्यापासून एकच म्हणत आली, "त्या बाईला कुणी पाणी द्या."

आता मूळ गोष्टीवर येतो. सिद्धेश्वराच्या जत्रेत शोभेची दारू उडवायचा मान शंभुलिंगच्या घराकडं, त्याच्या आज्यापासून. गेल्या साली शेजारच्या वाशीच्या दारूवाल्या महांतप्पानं पंचांपुढं येऊन टोमणा मारला, की नुसते बार किती दिवस उडवणार, मी गाण्यावर दारू नाचवून दाखवतो. शंभुलिंगला झोंबलं. देवळाच्या पायरीला हात लावून तो म्हणाला, "म्होरल्या जत्रंला माझ्या बँडचं नवं गाणं वाजंल, अन् त्याच्या मापानं आभाळ फुटंल. न्हाय जमलं तर मान महांतप्पाला द्या."

पंचांचे म्होरके शांतलिंग मालक. तंबाखू थुंकून ते म्हणाले, "बरं." झालं, शब्द गेला.

अडचण अशी, की नवा अल्बम येणार जत्रेच्या तोंडावर आणि दारू भरायला लागतो महिना. शंभुलिंगनं काय करावं? गाणं यायच्या आधीच त्यानं दारू लावायच्या चौकटी बांधल्या. वाजवायचं ठरवलेलं शेवटचं गाणं किती लांबीचं, ते बँडवाल्यांनी आधी जाहीर केलं होतं. आणि आत काय असणार, ते याला पाठ. आजवरच्या प्रत्येक अल्बमात शेवटचं गाणं लांबलचक, मध्यावर सगळं एकदम खामोश, आणि मग एका दणक्यात वाजंत्री, बाई, बाप्या सगळे तुटून पडणार. सूर्य उगवायचा चुकेल, पण ही शांतता चुकायची नाही. म्हणून त्यानं आधी चक्रं आणि झाडं लावली, मग मध्ये काळोख ठेवला. त्या काळोखात नुसती एक संथ वात जळत जाणार आणि शेवटाला सगळे औट, म्हणजे आभाळात जाऊन फुटणारे गोळे, एकदम वर. वाती मापून कापल्या, बांधल्या, वर कागद चिकटवला. आता ते उसवायचं म्हणजे घराला काडी लावण्यासारखं.

अल्बम आला.

कारखान्यात मोबाइल नेत नाहीत. बाहेर लिंबाच्या झाडाला एक टोपली टांगलेली असते, येणारा-जाणारा फोन त्यात टाकतो. त्याच लिंबाखाली दुपारच्या भाकरीच्या वेळी शंभुलिंगनं फोन काढला. त्या दिवशी त्यानं भाकरीला हात लावला नव्हता. मी मुद्दाम जाऊन बसलो होतो. कामावरच्या बाया होत्या, शिवप्रिया डबा घेऊन आलेली.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. मग मी बघितलं तर इरम्मा मान डोलवतेय. म्हातारी बाई, चाळीस वर्षं सुतळी गुंडाळणारी, आणि व्हेस्परग्रिमवर डोलतेय.

"लई ग्वाड हाय की," इरम्मा म्हणाली.

"व्हय की, ह्या खेपंला बाईला पाणी मिळालं वाटतं," शिवप्रिया म्हणाली. "अवो, हे मला पाठवा. रिंगटोन लावते."

शंभुलिंगचं तोंड बघण्यासारखं झालं. शेवटचं गाणं संपेपर्यंत तो खाली बघत बसला. मध्यावर शांतता आलीच नाही. उलट तिथंच व्हायोलिनं जास्त, टाळ्या जास्त, आणि कुठलीशी शाळेची पोरं गायल्यासारखा कोरस.

"अप्पा," तो मला म्हणाला, "वीस वर्सं माझ्या बायकोला ह्यो बँड आवडला न्हाय, म्हणून मी निवांत होतो. आज तिला आवडला. बुडाला बँड."

"एवढं काय त्यात?"

"काय म्हंजे? बाप्याला रेड्यावरनं शेळी केलाय. ढोल मशिनचा. मरणावर गाणं म्हणतेत अन् आवाज असा, जसं कुणी साबण इकतंय. अन् थांबायचंच न्हाय, नुसतं फुटत ऱ्हायचं. वातच न्हाय ओ, अप्पा. वात नसलेला बार अन् दार आपटणं, फरक काय?"

मला आमचा गोरोबा आठवला. सनई अशी वाजवायचा, की मुलीची पाठवणी सुरू व्हायच्या आधीच मांडवात हुंदके. पुढं दात गेले, पोरानं कवळी बसवून दिली. नंतर सनई अगदी सुरात वाजायची, पण मांडवात कुणी डोळे पुसेना. जिलब्या मात्र जोरात खपायला लागल्या. हे सांगितलं तर शंभुलिंगनं मांडीवर थाप मारली. "बरोबर. ह्यांनी कवळी बसवली."

"मग जुनं गाणं लाव," मी म्हणालो.

"जुन्याचं माप दुसरं. अन् शब्द नव्याचा दिलाय."

"नव्यातच मधला तुकडा काप. आमचा नातू चुटकीसरशी कापून देईल."

तो चिडला. "दुसऱ्याचं गाणं कापणारा मी कोण? वाईट असलं तरी त्यांचं हाय. गाढवाला गाढव म्हणावं, त्याचे कान कापू नये."

म्हणजे शिव्याही यानंच द्यायच्या आणि राखणही यानंच करायची. असा भक्त देवाला परवडत नाही.

जत्रेचा दिवस आला. दिवे लागले, पालखी देवळात गेली, माळावर माणूसच माणूस. महांतप्पा पुढं सतरंजीवर, पान खात. शंभुलिंगनं वातीला बत्ती दिली आणि स्पीकरवाल्याला खूण केली. चक्रं फिरली, झाडं पेटली, गाण्याशी छान जुळलं. पोरं ओरडली. मग मध्य आला. माळावर काळोख झाला, आणि स्पीकरवर तो शाळेचा कोरस टाळ्या पिटत सुटला.

"दारू संपली वाटतं," महांतप्पा मोठ्यानं म्हणाला. लोक हसले.

मी शंभुलिंगजवळ होतो. त्यानं दोन पावलं टाकली, स्पीकरवाल्याला कोपरानं सारलं आणि आवाजाची खुंटी शून्यावर फिरवली.

काय सांगू. एवढ्या जत्रेत एवढी शांतता मी पाहिली नव्हती. कुणाला वाटलं वीज गेली, कुणाला वाटलं काही वाईट झालं. मग अंधारात एक ठिणगी सरपटताना दिसली आणि तिची सुरसुर ऐकू आली. हजार माणसं त्या ठिणगीकडं बघत गप्प. महांतप्पानं पान चघळायचं थांबवलं. ठिणगी चौकटीच्या टोकाला पोचली, शंभुलिंगनं खुंटी पूर्ण फिरवली, आणि औट, व्हायोलिनं, बाई सगळं एकदम आभाळात गेलं. माझ्या छातीत ते अजून वाजतंय.

शांतलिंग मालक स्वतः उठून आले. त्यांनी मानाचा नारळ शंभुलिंगच्या हातात ठेवला. "गाणं लई भारी निवडलं गड्या. मदीच कसं गप बसलं, अंगावर काटा आला."

शिवप्रिया मागून म्हणाली, "नेमका ग्वाड तुकडा बंद केला ह्यांनी."

शंभुलिंगनं नारळ काखेत मारला. मान राहिला होता, पण त्या बँडला फुकटचं श्रेय जाऊ द्यायला तो तयार नव्हता.

"मालक," तो म्हणाला, "ते गप बसलं न्हाय. बसवलं. सबंध अल्बमात ऐकण्यासारखं तेवढंच हाय, अन् ते बी माझं."