गुणाच्या लेकराची तीट
एरंडेलाच्या दिव्यावर धरलेल्या काजळाचा करपट वास आला की हिर्डोशीची भातखाचरे आठवतात. नव्वदच्या आसपासचे ते लावणीचे दिवस. बांधावरच्या झोळ्यांतली सारी तान्ही टाहो फोडत होती. माझ्या वहिनीची लेक तेवढी गप्प निजलेली, अंग ओढ्यातल्या गोट्यासारखे गार. "लई गुणाचं लेकरू," चिखलात वाकलेली एकजण म्हणाली, "आमचं हे भोंगं घे अन् ही मला दे गं!" घरी आल्यावर आईने दृष्ट काढली, गालावर नवी तीट लावली. रोजच लावी. वर्ष उलटले तरी पोर मान धरेना, तेव्हा वहिनी तिला पुण्याला घेऊन गेली. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी जन्मापासूनच काम करत नाही. रडत नव्हती, तेव्हाच आणायचं होतं. आता गोळीने अंग वाढेल. बुद्धीचं जे गेलं, ते परत येणार नाही." गोळी सुरू झाली, आणि पुढच्या लावणीत भुकेने पोरीने पहिल्यांदा मोठ्याने गळा काढला. हातातली रोपे टाकून वहिनी चिखलातून धावत सुटली. मागे तीच बाई हळहळली, "गोळ्यांनी पार किरकिरी केली वो पोर." ती भाची आता मोठी बाई झाली आहे, अजून वहिनीच्याच हातून जेवते. आई तीट लावायची ती काजळाची डबी आमच्या फडताळात आहे. तिच्या दुखण्याला आम्ही कुणाची दृष्ट लागू दिली नाही.