वैजू ठरवून गेली

वैजू गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मीच इतरांना दिली. नागावच्या तिच्या घरात मी आणि तिचे थोरले दीर सुहासदादा उशाशी होतो, ओवी शाळेत होती. फोन आधी कुणाला करायचा हे वैजूने सांगून ठेवलं होतं. "आधी कुंदाताईंना. ओवीला त्या सांगतील. तू सांगू नकोस, तू बातम्या वाचल्यासारखं सांगशील." ओवी तिची सातवीतली मुलगी. कुंदाताई तिची नणंद, लग्न न केलेली, रेवदंड्याला एकटीने सुपारीची वाडी सांभाळणारी. आणि मी तिची शाळेपासूनची मैत्रीण. मी तिचं ऐकलं आणि कुंदाताईंना फोन लावला.

वैजूचा नवरा काही वर्षांपूर्वी वडखळच्या रस्त्यावर अपघातात गेला. तो अतिदक्षता विभागात असताना बाहेर चार नातेवाईक चार तऱ्हेचं बोलत होते. शेवटी ज्याचा आवाज मोठा, त्याचं चाललं. वैजूला कुणी विचारलंच नाही. म्हणून स्वतःच्या आजाराचं निदान झालं तेव्हा रडून झाल्यावर ती मला म्हणाली, "माझ्या वेळी असा बाजार नको. आणि ओवीचं मी बोलू शकते तोवरच ठरू दे." अशा कामाला मी बरी. वकिलांची वेळ मी घेतली. वडील हयात नसतील तर आई मृत्युपत्रात मुलीचा पालक नेमू शकते, हे त्यांनी सांगितलं. उपचार कुठवर करायचे आणि आपण बोलू शकत नसलो तर कुणी बोलायचं, हेही दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरीकडून साक्षांकित करून ठेवता येतं. हे इतकं सरळ आहे हे मलाही माहीत नव्हतं.

अवघड होतं ते नाव. आमच्याकडे बाप गेला की पोर काकाचं. त्यात विचारायचं काय, अशीच सगळ्यांची समजूत. मला मात्र मनातून वाटत होतं की ओवी माझ्याकडेच येणार. मी कपाटाचा एक कप्पाही मोकळा केला होता. वैजूने दोन्ही गोष्टी गृहीत धरल्या नाहीत. ती घरात पर्यटक ठेवायची, तो तिचा व्यवसाय. "राहिल्याशिवाय घर कळत नाही," म्हणाली आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिने ओवीला तीन घरी राहायला धाडलं… पनवेलला सुहासदादांकडे, अलिबागला माझ्याकडे आणि रेवदंड्याला आत्याकडे. कशासाठी, तेही लेकीला स्पष्ट सांगितलं. परत आल्यावर ओटीवर बसून ओवीने निकाल दिला. "काका रोज हॉटेलात नेत होते. मावशीने फ्रिजवर माझं वेळापत्रक लावलं. दोघांकडे मी पाहुणी होते."

"आणि आत्याकडे?"

"आत्या ओरडली. 'चपला मध्येच काढल्यास, कोण उचलनार गो, तुझा बापूस?' म्हणाली. मग तिलाच रडू आलं… मग मलापण."

वैजूने मृत्युपत्रात कुंदाताईंचं नाव घातलं. मला लागलं, हे खरं. पण निकाल चुकीचा आहे असं म्हणण्याजोगं माझ्याकडे काही नव्हतं.

सगळ्यांना सांगायला तिने गौरीजेवणाचा दिवस निवडला. पानं उठली, मंडळी सुपारी कातरत बसली आणि तिने विषय काढला. सुहासदादांच्या हातातला अडकित्ता थांबला. "गौरी घरात असताना हे काय बोलायचं?"

"गौरी उद्या जातील भावोजी, माझं काही सांगता येत नाही. तुम्ही सगळे पुन्हा एकत्र कधी सापडणार?"

"सख्खा काका जिवंत असताना पोर आत्याकडे? लोक काय म्हणतील?"

"लोकांकडे नाही ठेवत ना तिला."

ते जेवणानंतरचा चहा न घेताच पनवेलला निघाले. वैजू फाटकापर्यंत गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही.

उपचारांबद्दल बोलायला तिने मला नेमलं होतं. "तू आधी काम करशील, मग रडशील," एवढंच कारण दिलं. ती वेळ हिवाळ्यात आली. अलिबागच्या डॉक्टरांनी विचारलं, श्वासासाठी नळी घालायची का. त्याने आजार मागे फिरणार नव्हता. सुहासदादा धावत आले होते. "मांडव्याहून बोटीने तासाभरात मुंबई. मी गाडी काढतो." मी कागद पुढे केला. "कागद काय दाखवतेस, माणूस बघ," ते म्हणाले.

"माणसानेच सांगितलंय, दादा. नळी नको, दुखू नये आणि घरी न्या."

ते भिंतीला टेकून उभे राहिले. मला वाटलं, आता पुन्हा तोच बाजार… पण ते नर्सकडे वळले आणि विचारलं, "घरी न्यायचं तर काय काय लागेल?" ऑक्सिजनचं यंत्र त्यांनीच आणलं. उंच करता येणारी खाट त्यांनीच जोडली. वैजूला पुढचे दिवस तिच्या खिडकीशी मिळाले, दुखणं आटोक्यात ठेवून. ओवी शाळेतून आली की शेजारी बसून गृहपाठ करायची.

ओवी आता रेवदंड्याला असते, शाळा तीच आहे. आत्या-भाचीचं रोज वाजतं आणि रोज मिटतं. शनिवारी दोघी रिक्षाने नागावला येऊन घर उघडतात, कारण पाहुणे ठेवणं बंद करायचं नाही असं ओवीचं म्हणणं. सुहासदादा महिन्यातून एकदा पंप बघायच्या निमित्ताने येतात. मागच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते वकील अजून बसतात का? आम्हा नवरा-बायकोचेही कागद करून टाकू."

परवाच्या शनिवारी मीही नागावला असताना पुण्याचं एक कुटुंब आलं. मुलं बॅगा टाकून समुद्राकडे पळणार, तेवढ्यात ओवी फाटकात आडवी उभी राहिली. "आधी भरती कधी ते ऐका. चहा नंतर." येणाऱ्या प्रत्येकाला वैजू असंच अडवायची, हात कमरेवर, चहाच्या आधी. कुंदाताई दारात थबकल्या, माझ्याकडे बघितलं. मुलं निमूट ऐकत होती. मग ओवीने फाटक उघडलं आणि आत वळून हाक मारली, "आत्या, सहा कप!"