सर हेन्रींच्या घरचं स्थळ

दुबई मरीनाचे उंच मनोरे दिसू लागले तसं मधुरा गाडी चालवता चालवता पुन्हा म्हणाली, "आत्या, प्लीज, त्यांना गोत्र विचारू नकोस हं!"

मी पुण्याहून आले होते ती या माझ्या भाचीसाठी स्थळ बघायला. मुलगा इंग्रज, नाव टॉम, अबुधाबीत तिच्याच ऑफिसात; त्याचे वडील इथे दुबईत. दादाने, म्हणजे तिच्या वडिलांनी, मला बजावलं होतं, "घराणं बघून ये. तू हो म्हणालीस तर लग्नाला येईन. नाहीतर ती मला मेली."

तिथले मनोरे सगळे सारखेच. आम्ही भलत्याच इमारतीत शिरलो. रखवालदार हसला. "मॅडम, बाजूवाला टॉवर. यल्ला (चला), मैं दिखाता हूँ."

टॉमला आई नव्हती. वडिलांनी माझ्यासाठी फलाफल (हरभऱ्याचे तळलेले वडे) मागवले होते. खिडकीखाली निळं पाणी, पांढऱ्या बोटी. मी घराण्याची चौकशी करताच गृहस्थ खुलले. "आमचा सर हेन्री बॅरोनेट होता" (वडिलांमागे थोरल्या मुलाकडे जाणारा हा किताब), "राजाच्या घोडदळात. गुडघ्यात गोळी बसली, तरी घोड्यावरून उतरला नाही."

हे टॉमचे आजोबा असावेत असं धरून मी विचारलं, "मग आता चालता येतं का त्यांना?"

टॉमला ठसका लागला. वडील गंभीरपणे म्हणाले, "ते साडेतीनशे वर्षांपूर्वी वारले."

"अरेरे!" मी सवयीने म्हणाले.

पुढे तर माझं डोकंच चालेना. राजा आणि पार्लमेंट यांची लढाई, हेन्रीचा मुलगा हेन्री, त्याचाही हेन्री. कोणता लढला आणि कोणता नुसताच जेवला, मला शेवटपर्यंत कळलं नाही. एवढं मात्र कळलं की पहिल्या हेन्रीच्या मुलीने शत्रूच्या अधिकाऱ्याशी लग्न केलं.

"सर हेन्रीने पुन्हा लेकीचं तोंड पाहिलं नाही," वडील अभिमानाने म्हणाले. "शब्दाचा पक्का माणूस!"

मधुराने घास खाली ठेवला. मला राहवलं नाही. "आणि मुलीची आई? ती गेली का लेकीकडे?"

ते गोंधळले. "आई... तिचं नावही ठाऊक नाही मला."

"डॅड, आपण कधी विचारलंच नाही," टॉम हळूच म्हणाला.

निघताना गृहस्थांनी उरलेले वडे डब्यात भरून दिले आणि भर उन्हात खाली उभे राहून हात हलवत राहिले. माणूस प्रेमळ होता, मग असल्या पूर्वजाचं कौतुक कसलं?

"सो? बाबांना काय सांगणार? सगळं खलास (संपलं) का?" गाडीत बसताच मधुराने विचारलं. जे घडलं ते सांगेन, एवढंच मी म्हणाले.

पुण्याला परतल्यावर मी जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. हेन्रीची गोष्ट ऐकून दादा मांडीवर थाप मारत म्हणाला, "याला म्हणतात बाप! बरं, तुझं काय? हो की नाही?"

"खरं सांगू? मला कळत नाही," मी म्हणाले. इतक्या लांब जाऊन मी घराणं बघितलं होतं, आणि ते आपल्यापेक्षा वेगळं आहे की अगदी आपल्यासारखंच, हेच मला ठरवता येत नव्हतं.

"म्हणजे नाहीच. मीही शब्दाचा पक्का आहे."

वहिनी इतका वेळ दारात उभी होती. तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. ती पुढे आली आणि दादाकडे न बघता मला म्हणाली, "वन्सं, विमानाचं तिकीट कसं काढतात ते मला दाखवा. एकच काढायचंय."