कुस्तोदिओची न झालेली गिटार

कुस्तोदिओची गिटार व्हायच्या आधी अकरा वर्षं आम्ही सगळे तिच्याबद्दल ऐकत होतो. तिचा खर्ज कसा आहे, सगळ्यात बारीक तार कशी बोलते, ढगाळ हवेत तिचा आवाज कसा किंचित बसतो, हे सगळं तो सांगायचा. ग्रानादात गोमेरेसच्या चढावरच्या गुत्त्यात काउंटरला टेकून, समोर ऑलिव्हची बशी तशीच पडलेली, आणि हा डोळे मिटून बोलतोय. एखादा नवखा असला की हमखास म्हणायचा, "घरी असते ना? ऐकवा की एकदा." मग अख्खा गुत्ता खो-खो हसायचा. कारण ती गिटार त्या वेळी आमच्या कारखान्याच्या माळ्यावर होती. सरूच्या चार पातळ फळ्या आणि स्प्रूसच्या दोन, सुतळीनं बांधलेल्या.

"कुस्तोदिओ, तुझी गिटार अजून झाडावरच आहे रे," असं कुणीतरी म्हणायचं. तो चिडत नसे. "झाडावर असताना पण बोलायचीच ती," म्हणायचा.

मी विसी. उस्ताद बेनिग्नोंच्या कारखान्यात लाखेचं पॉलिश करते. गिटार जोडून झाली की माझ्याकडे येते, आणि मी दीड-दोन महिने कापडाचा बोळा तिच्यावर गोल गोल फिरवत बसते. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. तीस वर्षं स्पिरिटच्या वासात काढून बघा म्हणावं, मग बोला.

कुस्तोदिओ वर आल्हाम्ब्राच्या, त्या जुन्या राजवाड्याच्या, बागेत माळी. कुंपणं कातरायची, सरू छाटायचे, पाटातला पाला काढायचा. ऐन उन्हाळ्यातही तो उजव्या हातात कातड्याचा मोजा घालायचा, फक्त उजव्याच. डावा हात काट्यांनी ओरबाडलेला, आणि उजव्या हाताची नखं मात्र नवरीसारखी जपलेली, कारण तारा त्या नखांनी छेडायच्या असतात. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे माळी पावावर तेल ओतून खायचे, हा कानशीने नखं घासत बसायचा. "राणीसाहेब, आज कुठला रंग लावणार?" असं ते विचारायचे. घरी त्याच्या मेहुण्याची एक जुनी गिटार होती. तिची मान वाकलेली, आणि आवाज डब्यात वाटाणे हलवल्यासारखा. तिच्यावर तो रोज वाजवायचा. बरं वाजवायचा, खोटं कशाला बोलू?

एका एप्रिलच्या सकाळी बागेत एक बाई तालमीला येऊन बसली होती. तिच्या गिटारीचा आवाज कुंपणाच्या पलीकडून आला आणि याच्या हातातली कात्री थांबली. बाई उठेपर्यंत तो तिथंच उभा. मग त्यानं जाऊन विचारलं, ही कुणी केली? आणि तसाच, अंगावर बागेचे कपडे, केसांत पानं, चढ उतरून आमच्या दारात आला. "उस्ताद, मला एक हवीय," म्हणाला. कुठली, कशी, केवढ्याला, काही नाही. एकच, हवीय.

उस्तादांची पद्धत अशी, की ते वही ठेवत नसत. गिऱ्हाईक आलं की त्याचा पंजा आपल्या पंजावर ठेवून बघायचे, समोर असेल ती गिटार वाजवायला लावायचे, मग माळ्यावरून लाकूड काढायचे. गिऱ्हाइकानं फळी कानाशी धरून अंगठ्याच्या सांध्यानं ठोकायची. पटली की फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं नाव लिहायचं, सुतळी बांधायची, आणि जुडी रांगेत सगळ्यात मागे. वर्षाला सात-आठ गिटारी व्हायच्या आणि माळ्यावर पन्नासेक जुड्या असायच्या. पुढची खाली आली की बाकीच्या एक एक सरकायच्या. कुणी आपली पाळी सोडली, तर त्याची जुडी दहा जागा मागे. हा नियम मंत्र्यालाही होता आणि माळ्यालाही.

त्या दिवशी उस्तादांनी चौदा फळ्या काढल्या. तेरा फळ्यांना कुस्तोदिओनं नकाराची मान हलवली. चौदावीवर ठोकलं, आणि तो खालीच बसला. माळ्यावरच्या धुळीत, मांडी घालून.

मग त्याचं येणं सुरू झालं. दुपारी, सगळं ग्रानादा जेवून आडवं झालं की. आम्ही दाराची एक फळी लावून घ्यायचो, दुसरीतून उन्हाचा एक पट्टा आत पडायचा आणि त्यात लाकडाची धूळ तरंगत राहायची. उस्ताद खुर्चीतच घोरत असायचे. बाहेर चढाच्या कडेनं पाण्याची धार चालू. कुस्तोदिओ पाऊल न वाजवता शिडी चढायचा, सुतळी सोडायचा, फळी दोन बोटांत धरून ठोकायचा. एकदाच. मग तो आवाज विरेपर्यंत, आणि विरल्यावरही कितीतरी वेळ, तसाच बसायचा. काय ऐकत असेल? मी बोळा फिरवता फिरवता वर बघायची. त्याची डावी बोटं हवेत हलत असायची. सरूचा तो कडसर गोड वास खाली उतरायचा, पाणी वाहत असायचं, आणि शपथेवर सांगते, एखाद्या दुपारी मलाही ती ऐकू यायची. न झालेली गिटार. सोलेआ, आमच्याकडची ती दुःखाची चाल, वाजत असायची, फार संथ, आणि त्यात एकही सूर इकडचा तिकडे नसायचा. मग उस्ताद खोकायचे आणि ती बंद व्हायची.

त्याची बायको तेक्ला मला बाजारात भेटायची. "विसी, तुमच्या माळ्यावरच्या बाईला सांग, रात्री नवऱ्याला जरा झोपू देत जा म्हणावं. उशीवर बोटं वाजवतो तो." हसत सांगायची, पण पूर्ण हसत नसे.

सातव्या वर्षी त्याची जुडी पुढे आली. मी त्याला निरोप पाठवला. तो आला, टोपी हातात. त्याच आठवड्यात एका शिकाऊ मुलीची गिटार स्पर्धेच्या तोंडावर उभी तडकली होती, ती रडत येऊन गेली होती. कुस्तोदिओ म्हणाला, "तिची आधी करा, उस्ताद. मला काय घाई आहे?" उस्तादांनी त्याच्याकडे बघितलं, शिडी चढले आणि जुडी दहा जागा मागे ठेवली. मला वाटलं, काय देवमाणूस आहे! पुढच्या वेळी एका म्हाताऱ्या डॉक्टरांसाठी सोडली, त्यांचे दिवस भरत आलेत म्हणून. तिसऱ्यांदा त्यानं पाळी सोडली ती माद्रिदच्या एका वकिलासाठी, ज्याला धड सूरही लावता येत नव्हता.

"त्याला कशाला?" मी विचारलं.

"फार आशेनं आलाय गं तो."

"आणि तू? तू काय भाजी घ्यायला आलायस?"

तो नुसता हसला. उस्ताद शिडीवर होते, पाठमोरे. जुडी त्यांनी इतकी जोरात ठेवली की धुळीचा लोट खाली आला.

अकराव्या वर्षी उस्तादांचा हात थरथरायला लागला. आधी सकाळीच, मग दिवसभर. भोकाभोवतीची नक्षी बसवताना पटाशी घसरली आणि एक चांगली फळी वाया गेली. त्यांनी पटाशी पुसून ठेवली, आणि म्हणाले, "विसी, अजून एक करीन. मग बस्स."

माळ्यावर सगळ्यात पुढे जुडी होती कुस्तोदिओची.

मी स्वतः बागेत गेले सांगायला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. उस्ताद जागे होते. टोपी चुरगाळत तो म्हणाला, "उस्ताद, माझ्या मागे तो कोर्दोबाचा आहे ना, स्टेजवर वाजवतो तो. तुमची शेवटची गिटार त्याच्या हातात शोभेल. मी आपला माळी माणूस, मला..."

"गप्प बस!" उस्ताद ओरडले. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "तीन वेळा, तीन वेळा तुझ्या फळ्या मी या हातांनी मागे नेल्या. प्रत्येक वेळी वाटलं, याला माझी गिटार नकोय. गुत्त्यात बसून जगाला सांगतोस तिच्याबद्दल, मला सगळं कळतं, आणि मी करायला घेतली की पळतोस! काय कमी आहे रे माझ्या कामात? सांग ना तोंडावर."

कुस्तोदिओचा चेहरा पांढराफटक. "उस्ताद, तसं नाही..."

"मग कसं?"

कुस्तोदिओनं टोपी डोक्यावर घातली. तो निघाला. मी बोळा टाकून मागं धावले आणि चढावरच्या कारंज्यापाशी त्याला गाठलं. तो कठड्यावर बसून पाण्यात बघत होता. मी दम लागलेल्या आवाजात दोन शिव्या हासडल्या, त्या इथं लिहीत नाही.

"विसी," तो म्हणाला, "ही झाली की ती जाईल."

"कोण ती?"

"जी मला ऐकू येते."

मला एकदम त्या दुपारी आठवल्या, आणि राग उतरला. पण तसं दाखवते होय मी? "त्या म्हाताऱ्याच्या हातात आता एकच गिटार उरलीय," मी म्हटलं, "आणि तो समजतोय की तुला ती नकोय. ते घेऊन तो मरणार आहे. मग ऐकत बस तुझी ती." त्यानं तोंडावर पाणी मारलं. मग उठला, उतरून गेला, आणि दारातूनच म्हणाला, "उस्ताद, करा."

पाच महिने लागले. कुस्तोदिओ एकदाही फिरकला नाही. तेक्ला म्हणाली, उशीवर बोटं वाजवणंही थांबलंय, घर कसं सुनं वाटतं. उस्ताद हात थांबेल तेवढाच वेळ काम करायचे. कधी सकाळची वीस मिनिटं, कधी तीही नाही. काठाची पट्टी त्यांनी चार वेळा काढून बसवली. माझ्याकडे आली तेव्हा मी तिला उजेडात धरून बघितलं. नक्षीत एका जागी केसाएवढी फट होती. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी लाख घालून ती बुजवली असती, कुणाला कळलंही नसतं. पण नाही बुजवली. का, ते मला अजून सांगता येत नाही.

ऑगस्टच्या एका दुपारी कुस्तोदिओ आणि तेक्ला आले. त्यानं धुतलेला शर्ट घातला होता, आणि डाव्या हातावरचे ओरखडे झाकायला बाही मनगटापर्यंत ओढली होती. आमच्याकडे गिटार देताना गिऱ्हाइकाला उस्तादांच्या कामाच्या खुर्चीत बसवतात, आणि उस्ताद गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसतात, भिंतीकडे तोंड करून. गिऱ्हाईक बोलेपर्यंत वळत नाहीत. चेहरा बघून खोटं बोलावंसं वाटतं म्हणून.

त्यानं गिटार घेतली. मांडीवर ठेवली. सगळ्यात जाड तार छेडली. आवाज आला आणि तेक्लानं माझा दंड धरला. सुरेख आवाज होता. कोरडा, सरळ, छातीवर येऊन टेकणारा. त्यानं सोलेआ धरली. नवीन गिटार असते तशी ती जरा ताठर बोलत होती, वरच्या सुरांना अजून लाज होती. मधल्या एका वळणावर त्याचं बोट चुकलं. तो थांबला.

पाण्याची धार ऐकू येत होती. उस्तादांची पाठ हलत नव्हती, हात मात्र गुडघ्यावर थरथरत होता.

"उस्ताद," कुस्तोदिओ म्हणाला, "मी अकरा वर्षं ऐकत होतो ती ही नाही."

त्या क्षणी मी त्याचा गळा दाबला असता. तेक्ला पुटपुटली, "अरे मेल्या."

उस्ताद हळूच म्हणाले, "माझ्याही डोक्यातली ही नाही. पन्नास वर्षं प्रत्येक वेळी वाटतं, या खेपेला ती होईल. नाही होत." मग थोडं थांबून, "फरक काय पण?"

कुस्तोदिओनं खरोखर विचार केला. "ती कधी चुकत नसे," तो म्हणाला.

"तिला कुणी वाजवलंच नाही, तर चुकेल कशी?"

कुस्तोदिओ हसला. अगदी आतून, अंग हलवत हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. उस्ताद अजून भिंतीकडेच बघत होते. या माणसानं मोठमोठ्या वादकांना, पैसेवाल्यांना दारातून परत पाठवलं होतं. कधी कुणाला विचारलं नव्हतं, आवडली का म्हणून. त्या दुपारी त्यांनी विचारलं, आणि आवाज असा निघाला की मला माझ्या हातातला बोळा कुठं ठेवावा कळेना.

"नेशील ना रे?"

कुस्तोदिओनं गिटार सावरली. जिथं चुकला होता तिथून त्यानं पुन्हा धरलं. परत चुकला, परत धरलं, आणि तिसऱ्यांदा ते वळण निघालं, त्याच्या डोक्यातल्यासारखं नाही, जरा खरखरीत, पण निघालं. उस्ताद वळले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि हा वाजवतच होता. नंतर तो उठला, गिटार लहान मुलासारखी उराशी धरली, टोपी विसरला, पेटी विसरला, बायकोलाही विसरला, आणि भर उन्हात चढ चढायला लागला. तेक्ला त्याची टोपी घेऊन मागून, आणि तिच्या मागे मी, रिकामी पेटी सांभाळत, गळा फाडून ओरडत, "अरे सावलीतून जा, गाढवा! लाख अजून कच्ची आहे!"