विखरणचा निंब

आमच्या ह्यांना सुरतेच्या डिंडोलीत कुणी भूपेंद्र म्हणत नाही, ड्रायव्हर म्हणतात. आणि ह्यांना साधी स्कूटर धड चालवता येत नाही! पलसाण्याच्या मिलमध्ये कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढतात आणि घरी आले की पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसून आगगाडी चालवतात. समोर बायको साड्यांना टिकल्या चिकटवत बसलेली असते, तिच्याकडे बघायला सवड नाही, पण सिग्नलकडे बारीक लक्ष.

तो गाडी चालवायचा खेळ मुळात परदेशातला. त्यात गोऱ्यांच्या देशातली इंजिनं, तिकडचीच बर्फाची स्टेशनं. आपली गाडी हवी तर इंजिन, डबे, रस्ता सगळं वेगळं बनवून जोडावं लागतं, त्याला ॲड-ऑन म्हणतात. ह्यांनी आपली सुरत-भुसावळ पॅसेंजर करायला घेतली. निळ्या डब्यांवर गंज रंगवला, खिडक्यांखाली पानाच्या पिचकाऱ्यासुद्धा काढल्या. हॉर्नसाठी उधन्याला रेल्वे फाटकाजवळ मोबाइल धरून उभे राहिले. मी कपाळाला हात लावला. घरातला नळ ठिबकत होता, तो कोण दुरुस्त करणार?

पण खरं सांगते, माझ्या जिवाला घोर होता तो आईचा. माझी आई पुष्पाबाई आमच्याकडेच राहते. तिचं माहेर खानदेशात, विखरण स्टेशनाजवळ. तिथे तिचा एकच भाऊ, हिलालमामा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी जातात, झोके खेळतात, सांजोऱ्या खातात. आई म्हातारी झाली तरी तिची आखाजी कधी चुकली नव्हती. मग एका वर्षी उधन्याच्या गर्दीत कुणाचा तरी धक्का लागून ती प्लॅटफॉर्मवर पडली आणि हात मोडला. हात सांधला, भीती काही सांधली नाही. गाडीत पाय ठेवणार नाही म्हणाली. एसटीत तिला उलट्या होतात. मामा फारच थकलेले, त्यांना येववत नाही. दर आखाजीला फोनवर दोघं रडायची आणि मी आत जाऊन उगाच भांडी आपटायची. अशा किती आखाज्या हातात राहिल्या होत्या त्यांच्या?

यंदा आखाजी जवळ आली तसे हे आईला म्हणाले, आमची गाडी बरोबर झाली का ते तुम्ही बघून सांगा. मी म्हटलं, आता सासूलाही नादाला लावा! पण लोक जावयाला दहावा ग्रह म्हणतात, आईला तर हा ग्रह भलताच लाडका. तिने चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून बसली.

नवापूरपर्यंत ती खूश होती. नंदुरबार मागे पडलं आणि ती कुरकुरायला लागली. ही बकरी मघाशी गेली ना? हे झोपडं पुन्हा कसं आलं? मी मान वर करून बघितलं आणि मला हसू आवरेना. ह्यांनी मिलची सवय तिथेही चालवली होती! साडीत कसं, हातभर नक्षी काढायची आणि तीच पुढे पुढे छापत न्यायची, त्याला हे लोक रिपीट म्हणतात. तसा ह्यांनी एक निंब, एक झोपडं, एक बकरी एवढा तुकडा काढला आणि अख्ख्या खानदेशाला काठासारखा लावून टाकला. स्टेशनंसुद्धा सगळी एकाच ठशाची. ह्यांचा चेहरा पडला.

विखरण आलं. मला वाटलं आई डोळ्यांना पदर लावेल. कुठलं काय, ती चिडली. निंब चुकीच्या बाजूला होता. मामा दर आखाजीला त्याच निंबाखाली तिची वाट बघत उभे राहायचे, आणि इथे तर निंब रुळांच्या पल्याड.

"मना भाऊ काय उन्हात उभा राही?" ती ह्यांच्यावर गरजली.

ह्यांनी घाईघाईने निंब उचलून अलीकडे ठेवला, तर रिपीटमुळे सगळ्याच स्टेशनांवरचे निंब उड्या मारून अलीकडे आले. आई म्हणाली, आणखी मागे. ह्यांनी सरकवला. मग म्हणाली, एवढा नाही, फांदी अशी वाकडी. हे सरकवत होते, ती मान हलवत होती. शेवटी ती उठून उभी राहिली.

"तुमले बठीसन नही समजाव, जावईबापू. तिकीट काढा. चाला, मीच दाखाडसू."

इथे बसून ह्यांना कळायचं नाही, आई स्वतः गाडीने जाऊन दाखवणार! माझ्या हातातला डिंक साडीवर सांडला. मी खाली मान घालून तो पुसत बसले. बोलले असते आणि तिचं मन फिरलं असतं तर?

आखाजीच्या आदल्या दिवशी उधन्याला तिने ह्यांचा शर्ट असा मुठीत धरला की दोन बटणं तुटली. पण चढली बाई. गाडीत जागा मिळाल्यावर तीच ह्यांना सांगत होती, हे बघून ठेवा, ते बघून ठेवा. विखरणला निंब होता तिथेच होता आणि खाली मामा, काठीवर दोन्ही हात ठेवून. गाडी येऊन थांबली तरी त्यांची मान खालीच. आई उतरली आणि थेट जाऊन त्यांच्या दंडाला धरलं, तेव्हा कुठे त्यांनी वर बघितलं. मग दोघं तिथेच रडली, आणि मीही रडले, लाज कसली?

परत आल्यावर ह्यांनी तो निंब वेगळा काढला, वाकड्या फांदीसकट, रिपीट नाही. खाली पांढऱ्या टोपीचा एक माणूस उभा केला. नळ अजून ठिबकतोच आहे, पण मी बोलणं सोडून दिलंय. रोज संध्याकाळी आई गाडीत बसते. विखरण जवळ आलं की जावयाला कोपराने ढोसते आणि म्हणते, हॉर्न जरा जास्त वेळ वाजवा, भावाला आताशा ऐकू कमी येतं.